पंतोजी, मास्तर, गुरुजी, सर

आपण पाचवी ते दहावी ज्यांना ‘सर’ आणि ‘बाई’ म्हणत होतो, त्यांना आपल्या आजोबांनी ‘मास्तर’ म्हटले असते आणि आजोबांच्या आजोबांनी ‘पंतोजी’. मधल्या काळात, विशेषतः जिल्हा परिषदेच्या शाळेत, ‘गुरुजी’ आले. आपल्या मुलांच्या तोंडी आता ‘मॅडम’ आणि ‘मिस’ आहे. हाक बदलली म्हणून माणूस बदलतो असे नाही. पण ज्याला हाक मारायची त्याच्याकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, ते हाकेत उतरतेच.

स्मरणिका समितीने मला ‘शिक्षक आणि समाज’ असा विषय दिला. मी इतिहासाची अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग शिकले आणि सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. पण गेली काही वर्षे एकोणिसाव्या शतकातले मराठी शिक्षण या विषयावर हाताला लागेल ते वाचते आहे. त्या वाचनातून जे चित्र उभे राहिले, ते गुरुपौर्णिमेच्या भाषणांत ऐकू येते त्याहून बरेच वेगळे आहे. ‘पूर्वी शिक्षकांना केवढा मान होता, आता तो राहिला नाही’ हे वाक्य आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून दोनदा तरी येते. पूर्वी म्हणजे कधी, आणि कोणत्या शिक्षकाला, एवढेच मला विचारायचे आहे.

पेशवाईत मान होता तो शास्त्र्यांना. वेदशास्त्र पढलेल्या ब्राह्मणांना पेशवे दरवर्षी दक्षिणा वाटत. राज्य गेल्यावर इंग्रजांनी त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. गावातला पंतोजी मात्र या मानाच्या पंगतीत नव्हता. एखाद्याच्या ओसरीवर किंवा देवळात तो मुले जमवायचा. धूळपाटीवर अक्षरे, मग मोडी वळण, उजळणी, पाढे. पाढेही नुसते तीसपर्यंतचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सगळे तोंडपाठ, कारण दुकानात आणि कुळकर्ण्याच्या दप्तरात अपूर्णांकांचेच काम पडे. मोबदला म्हणून कुणी धान्य द्यायचे, कुणी महिन्याला थोडे पैसे, सणाला शिधा. सुगी चांगली तर पंतोजी पोटभर जेवणार, नाहीतर नाही. मुलांना तो छडी, अंगठे धरणे, कोंबडा करणे यांमुळे लक्षात राही. मराठीत ‘तात्या पंतोजी’ हे नाव आदराने घेतल्याचे मला तरी कुठे आढळले नाही. गावाला हिशेब लिहिणारी मुले हवी होती आणि ती तयार करून देणारा कारागीर म्हणजे पंतोजी. सुतार-लोहारासारखे त्यालाही धान्यच मिळे, फक्त बलुतेदाराला असतो तसा वंशपरंपरेचा हक्क त्याला सरसकट नव्हता.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते आले आणि पंतोजीचा मास्तर झाला. पगार रोख, वर परीक्षा घ्यायला येणारा साहेब. पण त्याआधीच, १८४८ साली, पुण्यात एक गोष्ट घडून गेली होती.

बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवायला जाऊ लागल्या तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. रस्त्यात त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले जात. शाळेत गेल्यावर बदलता यावे म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत. ही हकीकत आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे, पण इतक्यांदा ऐकली की तिची धार गेली आहे. ज्या समाजात गुरूला देवाच्या जागी बसवणारे श्लोक घरोघरी म्हटले जात होते, त्याच समाजाने आपल्या पहिल्या शिक्षिकांपैकी एकीला अशी वागणूक दिली. गुरू कोण आहे आणि तो कुणाला शिकवतो आहे, हे आधी पाहिले जाई, नमस्कार त्यानंतर. पुढच्याच वर्षी जोतिराव-सावित्रीबाईंना घर सोडावे लागले. आणि १८५२ मध्ये त्याच पुण्यात, विश्रामबागवाड्यात, सरकारी विद्याखात्यातर्फे मेजर कँडीच्या हस्ते जोतिरावांचा शाल देऊन सत्कार झाला. शेण आणि शाल यांत चार वर्षांचे अंतर होते. शाल मात्र गावाने दिलेली नव्हती.

मला सगळ्यात अडकवून ठेवले ते १८८२ च्या एका कागदाने. त्या वर्षी हंटर आयोग देशभर फिरून शिक्षणाबद्दल साक्षी घेत होता. जोतिरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आयोगासाठी इंग्रजीत निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या कराच्या पैशातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, ही त्यातली तक्रार बऱ्याच जणांना माहीत असते. प्राथमिक शिक्षकांबद्दलचा भाग फारसा कुणी सांगत नाही. आताचे शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, त्यातले थोडेच प्रशिक्षित आणि पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर, असे त्यांनी नोंदवले. मग मागण्या केल्या. शिक्षक शेतकरी वर्गातले, प्रशिक्षण घेतलेले असावेत. गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये. त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी. पगार कोणत्याही परिस्थितीत बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा ते वीस हवा.

आणि पुढे एक कलम आहे, ज्याच्यावर मी थांबले. गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तांची नोंदणी, गावचे पोस्ट, स्टँपची विक्री अशी कामे शिक्षकाकडे द्यावीत, म्हणजे गावात त्याचा दर्जा वाढेल आणि लोकांवर त्याचा चांगला परिणाम होईल, असे जोतिरावांचे म्हणणे होते.

आज कोणत्याही शिक्षक संघटनेची पहिली मागणी असते ती अशैक्षणिक कामे बंद करण्याची. मग जोतिराव ती कामे मागून का घेत होते? मला वाटते, त्यांनी गाव नीट पाहिले होते. नुसते मुलांना शिकवतो म्हणून गाव कुणाला मानत नाही, हे त्यांना ठाऊक होते. गावात वजन असते ते ज्याच्याकडे कागद आहे त्याला: कुळकर्ण्याला, पाटलाला, सावकाराला. त्यातला थोडा कागद मास्तरच्या हातात द्या, म्हणजे हिशेब तपासणारा, दस्त नोंदवणारा माणूस म्हणून लोक त्याच्याकडे येतील. आणि तो त्यांच्यातलाच असेल. यात कामाबरोबर अधिकार होता, आणि पगारही वाढवून मागितलेला होता. या दोन गोष्टी सुटल्या की त्याच कामाचे काय होते, ते पुढे येईलच.

याच सुमारास पुण्यात शिक्षकाची एक निराळी प्रतिमा घडत होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी टिळकांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. नंतर आगरकर आले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारावर वीस वर्षे शिकवायचे, असा शिरस्ता पडला. ही मंडळी वकील झाली असती, सरकारी नोकरीत वर चढली असती. ते सगळे त्यांनी सोडले. हा त्याग खरा होता. तरीही बाहेरून मिळवलेले पैसे सदस्याने स्वतःकडे ठेवावेत की संस्थेला द्यावेत, यावर त्यांच्यात एवढा वाद झाला की १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. पैशाचा प्रश्न त्यागी माणसांनाही चुकला नाही.

माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे. ज्यांच्यापुढे दुसरे मार्ग मोकळे होते त्यांनी आपण होऊन कमी पगार घेतला. आपण त्यातून ‘चांगला शिक्षक पगाराबद्दल बोलत नाही’ असा नियम काढला आणि ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता त्यांना तो लावला. पुढच्या शंभर वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांनी शिक्षकांना राबवले ते याच नियमाच्या आधारावर.

आणि ज्यांचे दोन्ही गेले, पैसा आणि मान, त्यांची गोष्ट डॉ. आंबेडकरांनी सांगितली आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, हे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिले आहे. त्याच पुस्तिकेत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या मोठ्या माणसांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, बाळंतिणीला वस्तीच्या बाहेर आणायची अट पडली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने शिक्षकाच्या आणि शिक्षकाने पत्नीच्या. परतही तसाच गेला. न्यूमोनिया आहे म्हणून औषध दिले गेले. पुन्हा बोलावल्यावर डॉक्टर आला नाही आणि ती बाई गेली. पत्रात शिक्षकाचे नाव नाही, सूड घेतला जाईल या भीतीने. गाव ज्याला मान द्यायचे तो ‘गुरू’ हा नव्हता. याच्या शाळेतली मुले त्याला काय म्हणत असतील, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

जोतिरावांना हवा होता तसा, नांगर धरलेल्या हातांचा शिक्षक आला तो पुढे साताऱ्याकडे. भाऊराव पाटील सत्यशोधक विचारांचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले आणि १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. तिथली मुले शेतात काम करून शिकत आणि मग खेड्यांत शिकवायला जात. शाळा नसलेल्या गावात शाळा निघाली की लोक जागा देत, धान्य देत, श्रमदान करत. माझ्या वाचनात गाव आणि शिक्षक एकमेकांच्या सर्वांत जवळ आलेले दिसतात ते याच काळात आणि याच भागात.

‘गुरुजी’ ही हाक साधारण याच पिढीत रुजली. पांडुरंग सदाशिव साने अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० एवढीच सहा वर्षे शिक्षक होते. नंतर ते सत्याग्रहात गेले, तुरुंगात गेले, लेखक झाले. पण महाराष्ट्राने त्यांना जन्मभर साने गुरुजीच म्हटले. खेड्यातल्या गुरुजीचेही तसेच झाले. गावात वाचता येणारा बहुधा तोच. गिरणीत गेलेल्या मुलाचे मुंबईहून आलेले पत्र तोच वाचून दाखवायचा, मनीऑर्डरचा फॉर्म तोच भरायचा. कितीतरी गावांत पोस्टाची शाखा खरोखरच शिक्षकाच्या घरी किंवा शाळेत असे. जोतिरावांची सूचना आयोगाच्या अहवालातून नव्हे, तर गरजेपोटी थोडीफार अमलात आली. तोंडात शिवी न आणता ज्याच्याशी बोलायचे असा तो गावातला एक माणूस होता. पगार मात्र कमीच होता.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांच्याकडे गेले. आता बदली स्थानिक पुढाऱ्याच्या हातात आली. त्याच वर्षापासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन झाला. हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. अशैक्षणिक कामांची यादी वाढू लागली. जनगणना, निवडणुका होत्याच. आणीबाणीत नसबंदीची उद्दिष्टेही शिक्षकांच्या माथी आली. ज्या गुरुजीने पत्र वाचून दाखवले, तोच आता ‘केस’ शोधत दारात उभा. लोक त्याला पाहून घराबाहेर पडत नसत, तेव्हा हाक बदलली नाही पण बाकी बरेच बदलले असणार. त्यानंतर डिसेंबर १९७७ ते फेब्रुवारी १९७८ असा राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, त्यात शिक्षकही होते. गुरुजी पगारासाठी रस्त्यावर उतरतो हे काहींना रुचले नाही. पण खाजगी शाळांतल्या शिक्षकांना सेवेची कायदेशीर हमी देणारा कायदाही १९७७ चाच आहे. त्याआधी संस्थाचालकाच्या मर्जीवर नोकरी असे.

आता आपल्याकडे येते. आपली दहावी १९९६ ची. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासूनचा पाचवा वेतन आयोग शिक्षकांना मिळाला आणि बऱ्याच सरांनी पहिल्यांदा स्कूटर, पहिल्यांदा घर घेतले. गावात लगेच बोलणे सुरू झाले: ‘एवढा पगार, आणि काम काय?’ दहा रुपयांत भागवणाऱ्या मास्तरला जो मान नव्हता तो वीस हजारांच्या सरांनाही मिळाला नाही. कारण तेवढे वेगळे निघाले. लग्नाच्या बाजारात मात्र डीएड झालेल्या मुलीला जोरदार मागणी आली. तो मान खरा होता की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

बारावीनंतर आपल्या वर्गातली एक मैत्रीण डीएडला गेली आणि मी इंजिनिअरिंगला. गणितात ती माझ्या पुढे होती हे तुम्हा सर्वांना आठवत असेल. तिच्या घरी चार वर्षे थांबायची सोय नव्हती. माझे महाविद्यालय विनाअनुदानित होते. १९८३ नंतर महाराष्ट्रात अशी महाविद्यालये निघाली म्हणूनच माझ्यासारख्या तालुक्यातल्या मुली इंजिनिअर झाल्या. २००० साली सरकारने शिक्षण सेवक योजना आणली: पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन, प्राथमिकला महिना ३००० रुपये. काम पूर्ण शिक्षकाचे. नावातला ‘सेवक’ हा शब्द कुणी योजला असेल त्याला इतिहास चांगला ठाऊक असला पाहिजे. मैत्रीण त्या पहिल्या तुकड्यांतली. २००२ मध्ये मला नोकरी लागली तेव्हा माझा पहिला पगार तिच्या चौपट होता. ती चाळीस मुलांना वाचायला शिकवत होती आणि मी कुठल्यातरी परदेशी बँकेच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत होते.

ती निदान जिल्हा परिषदेत होती. खाजगी विनाअनुदानित शाळांत काय चालले हे आपल्यातल्या दोघा-तिघांनी सोसले आहे. नोकरीसाठी संस्थेला ‘डोनेशन’, सही एका आकड्यावर, हातात भलताच आकडा, आणि अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षे फुकट शिकवणे. २००१ पासून नव्या शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून परवानगी मिळे. त्यातला ‘कायम’ शब्द निघाला २००९ मध्ये, आणि पहिले वीस टक्के अनुदान आले २०१६ मध्ये. तोवर कुणी दुसरीकडे रिक्षा चालवत होते, कुणी शेतमजुरी करत होते आणि सकाळी फळ्यापुढे ‘सर’ म्हणून उभे राहत होते. ५ सप्टेंबरला त्यांनाही गुलाबाचे फूल मिळत होते.

आणि आता माझ्या धंद्याबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातले कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये. त्यानंतर ऑनलाइन पद्धत आली. विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी ‘सरल’, पगारासाठी ‘शालार्थ’, भरतीसाठी ‘पवित्र’. पोर्टलवर माहिती भरणे हे कायद्याच्या भाषेत शैक्षणिक काम की अशैक्षणिक, यावर वाद घालता येतो; पण दुपारी सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री अकरा वाजता मोबाइलवर मुलांची नावे भरणाऱ्या बाईला त्याने फरक पडत नाही. भरती पोर्टलवरून होऊ लागल्याने पैसे खाण्याला थोडा आळा बसला, हे मात्र मान्य करायला हवे. मी असे फॉर्म बनवणाऱ्यांच्या व्यवसायात आहे. फॉर्म बनवताना आम्ही विचारतो, ही माहिती कुणाला हवी आहे? ती भरणाऱ्याला त्यातून काय परत मिळते, हे कुणी विचारत नाही. जोतिरावांनी विचारले होते. त्यांच्या मास्तरने गावचा हिशेब तपासायचा होता. आजची बाई स्वतःचा हिशेब वर पाठवते, खिचडीच्या तांदळाच्या किलोसकट. कागद तिच्या हातात आहे, पण तो घेऊन तिच्याकडे कुणी येत नाही.

परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, तेव्हा आपल्या ग्रुपवर अभिनंदनाचे दोनशे मेसेज पडले. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, त्यात शिक्षकही होते. तेव्हा त्याच ग्रुपवर काय लिहिले गेले ते मी इथे छापायला देत नाही. लिहिणाऱ्यांत निम्म्या जणांची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती, माझीही होती, आणि त्या शाळेतल्या मिसला पगार किती आहे हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

मेळाव्यात आपण सर्व सरांचा आणि बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार आहोत. तो जरूर करावा. मी समितीला एवढेच सुचवले आहे की आपल्या शाळेत आज जे सहाजण तासिका तत्त्वावर शिकवतात त्यांनाही बोलवावे, आणि जमवलेल्या निधीतला काही भाग त्यांचे मानधन वेळेवर देण्यासाठी वेगळा ठेवावा. त्यावर अजून निर्णय झालेला नाही. गणितातली आपली मैत्रीण आता एका द्विशिक्षकी शाळेची मुख्याध्यापक आहे. तिलाही आमंत्रण गेले आहे. ती येणार आहे, पण दुपारनंतर. तिच्याकडे मतदार यादीचे काम आहे आणि त्या रविवारी तिला घरोघरी फिरायचे आहे.